सामानाजवळ कोणीतरी हवं

अशोका गार्डन, भोपाळ
२ नोव्हेंबर २०२५

दादा,

आई वंदनाकाकूंशी खोटं का बोलली, याचं उत्तर मला देता येत नाही. तुला येतं का बघ.

परवा काकू फराळाचा डबा परत द्यायला आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "काय निर्मलाताई, पोरानं एवढं मोठं पार्क दाखवलं म्हणे. काय काय पाहिलंत?" आई कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळं."

"ते बर्फाचं घर? तो मोठा पाळणा?"

"सगळं पाहिलं हो. काही म्हणून ठेवलं नाही बाकी."

काकू गेल्या. मी आईकडे बघत राहिले. तिने लसणाचा गड्डा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "नुसती उभी राहू नकोस, सोल."

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. वहिनींनी घरच्या ग्रुपमधून मला काढलं आहे. म्हणून हे पत्र. ते फाडता येईल, पण आधी हातात घ्यावं लागेल.

तुझ्या मते मी पार्किंगमध्ये तमाशा केला. पिंटूसमोर, वहिनींसमोर, 'चार लोकांसमोर'. हो, केला. पण तू बाबांना आणि मामांना जे सांगितलं आहेस ते 'संपदाचं डोकं फिरलं' इथून सुरू होतं. त्याच्या आधीचं तू कोणालाच सांगितलेलं नाहीस. ते मी लिहिते.

पार्कला जायचं तू ठरवलंस. दिवाळीला आम्ही तिघं पुण्याला आलो होतो, सगळ्यांनी एकत्र जाऊ म्हणालास, तिकिटं तू काढलीस. मला आनंद झाला होता, हे आज कबूल करायला लाज वाटते. आईच्या पायाचं काय, असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "बसेल ना कुठेतरी. सावली असते तिथे." म्हणून मी भोपाळहूनच फोन करकरून ती बॅटरीची गाडी भाड्याने घेतली. अनंत नावाचा माणूस टेम्पोतून ती पार्कच्या दारात घेऊन आला. तुला आठवत असेल, लाल रंगाची, चार चाकांची, पुढे टोपली. हँडलवर एक गोल बटण, त्याच्या एका बाजूला कासवाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला सशाचं. अंगठ्याने पट्टी दाबली की चालते, सोडली की थांबते. अनंतने आईला शिकवलं आणि आपल्या सगळ्यांसमोर सांगितलं, "किल्ली मावशींकडेच राहू द्या. गाडी त्यांची आहे आज."

आत गेल्यावर तू काय केलंस? आधी पाण्याच्या बाटल्यांची पिशवी टोपलीत. मग टॉवेलांची पिशवी हँडलला. मग वहिनींची पर्स, पिंटूचं दप्तर, खाण्याचा डबा. मग सगळ्यांच्या चपला एका प्लास्टिकच्या पिशवीत, ती आईच्या मांडीवर. म्हणालास, "वा! आई, तू तर आमची हमाल एक्सप्रेस झालीस." सगळे हसले. आईही हसली. आणि मीही हसले असेन.

मग पाण्याच्या भागाशी आल्यावर तू गाडीची किल्ली काढून घेतलीस.

मी तेव्हा पिंटूला घेऊन होडीच्या रांगेत होते, कारण वहिनींनी मला तिकडे पाठवलं. बाबा जादूच्या खेळाला बसले होते. मी परत आले तेव्हा आई त्या चौकात, कचऱ्याच्या डब्याशेजारी, बंद गाडीवर बसलेली होती. उन्हं तिच्या अंगावर आली होती. सावली चार हातांवर होती. मी म्हटलं, "आई, पुढे का नाही सरकलीस?" ती म्हणाली, "किल्ली अजूकडे आहे. लॉकरमध्ये ठेवून गेला तो. मोबाइलही त्यातच आहे."

तू आणि वहिनी ओल्या अंगाने, हसत हसत परत आलात, तोपर्यंत दुपार कलली होती. तू म्हणालास, "अगं, भाड्याची गाडी. कोणी पळवली असती तर? आणि आई कुठे जाऊन धडकली असती तर?"

चालत्या गाडीवर बसवलेल्या बाईच्या हातून तू किल्ली काढून घेतलीस, दादा. आणि तिला सांगितलंस, "सामानाकडे लक्ष ठेव."

आईच्या साडीबद्दल मी काही लिहीत नाही. तिने शपथ घातली आहे.

मला तुझी माफी नको. आईची माग.

संपदा


अशोका गार्डन, भोपाळ
२३ नोव्हेंबर २०२५

दादा,

तू उत्तर मला नाही, बाबांना फोनवर दिलंस. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून ते स्पीकर लावतात, हे तू विसरलास.

"त्या मास्तरीणबाईंना विचारा, घटनेत लिहिलंय का पिशव्या कोणी सांभाळायच्या ते!"

नाही लिहिलेलं. एम. पी. नगरच्या क्लासमध्ये मी रोज मुलांना तीच घटना शिकवते. त्यात पिशव्यांचं कलम नाही. पण माणसाला हवं तिथे जाता यावं, हे आहे. तू हसशील. पोरंही हसतात. "मॅडम, ये सब किताब में ही होता है," म्हणतात. मी दरवेळी सांगते, नाही, घरातही होतं. परवा सांगताना माझी जीभ अडली.

दुसरं तू म्हणालास, "मी सतराव्या वर्षापासून गॅरेजमध्ये हात काळे केले म्हणून ती बी. ए. झाली. आता मलाच शिकवते."

हे खरं आहे. बाबांचा हात कारखान्यात मशिनमध्ये सापडला तेव्हा तू शाळा सोडलीस. घरात पहिली पदवी माझी आली ती तुझ्या जिवावर. पदवीदानाचा फोटो मी तुझ्याकडे आधी पाठवला होता, आईला नंतर दाखवला. हे उपकार मी नाकारत नाही, मरेपर्यंत नाकारणार नाही. पण उपकार माझ्यावर आहेत. त्यांची परतफेड आईने उन्हात बसून का करायची?

आणि पार्क ही काही पहिली वेळ नाही. मी आठवायला बसले. सांचीला आपण किती वेळा गेलो? पाहुणे आले की सांची. आईने सांची पाहिली आहे ती चपलांच्या ढिगाजवळ बसून. भीमबेटकाला ती टॅक्सीत बसली, कारण टॅक्सीत स्वेटर होते. पचमढीला लॉजवर राहिली, कारण खोलीची कडी नीट लागत नव्हती. मामांच्या लग्नात, स्वतःच्या सख्ख्या भावाच्या लग्नात, अक्षता पडल्या तेव्हा ती वरच्या खोलीत दागिन्यांच्या पेटीजवळ बसली होती. बँड थांबला तेव्हा तिला कळलं की लग्न लागलं.

"सामानाजवळ कोणीतरी हवं." आपल्या घरात हे वाक्य देवाच्या श्लोकासारखं म्हटलं जातं आणि म्हणताना सगळे आईकडे बघतात. कोणी दुष्टपणे म्हणत नाही, तेच मला सहन होत नाही. दुष्टपणा असता तर निदान भांडता आलं असतं. तुम्ही सगळे प्रेमाने म्हणता. "आई, तू दमशील. तू बस." आणि मग तिच्या पायांपाशी ओझं आणून ठेवता, म्हणजे तिला उठताच येऊ नये.

आता ती शपथ मी मोडते आहे. ते पाप माझं.

परतीच्या गाडीत आईने साडी बदललेली होती. वहिनी म्हणाल्या, "पाणी उडालं असेल." पाणी उडालं नव्हतं. तिला बाथरूमला जायचं होतं. समोरच होतं, चौक ओलांडला की. गाडी चालू असती तर जाऊन आली असती. गुडघ्यावर हात ठेवून, पाय ओढत चालत गेली असती तरी पोचली असती. पण ती गेली नाही, कारण सामान होतं. तुमचे मोबाइल लॉकरमध्ये होते, पण पर्स तिच्या मांडीवर होती. कोणाला सांगून जाणार? शेजारी एक कुटुंब बसलं होतं, त्यांना विचारायचं तिच्या मनात आलं, पण परक्यावर पर्स कशी सोडायची? ती बसून राहिली. जमेल तेवढा वेळ. त्यानंतर तिने टॉवेलांच्या पिशवीतला एक टॉवेल काढून मांडीखाली घेतला, म्हणजे भाड्याची गाडी खराब होऊ नये.

टॉवेल तिने घरी येऊन स्वतः धुतला. तो तुझ्या पिंटूचा होता, कार्टूनचा.

आता सांग, तमाशा मी केला का?

संपदा


अशोका गार्डन, भोपाळ
२१ डिसेंबर २०२५

दादा,

पिंटूच्या मुंजीची पत्रिका पोचली. आई-बाबांची नावं सगळ्यांत वर, सोनेरी अक्षरांत. आईने चष्मा पुसून दोनदा वाचली. मग देवापुढे ठेवली. मागच्या पत्राबद्दल तू एक शब्द बोलला नाहीस. पण तू ते वाचलंस, हे मला माहीत आहे, कारण त्यानंतर तू आईला फोन केलास आणि नुसतं "जेवलीस का?" एवढंच तीन वेळा विचारलंस. आई म्हणाली, "अजूला सर्दी झाली आहे वाटतं. आवाज बसलाय."

मला वाटलं, संपलं. माझ्या मनात काय आलं सांगू? आलं की दादा शेवटी दादाच आहे.

आणि काल तू बाबांना मुंजीचं नियोजन सांगितलंस. कार्यालय बाबांच्या नावाने घेतलं आहे, बरं झालं. सकाळी मातृभोजन, मग मुहूर्त, संध्याकाळी भिक्षावळ, बँडमागून सगळ्या बायका मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाणार. आणि मग: "आईसाठी वरची खोली आहे. आहेर, दागिने, सगळं तिथेच असणार. सामानाजवळ घरचं माणूस हवं. तिलाही आराम. पंखा आहे, गादी आहे."

बाबा "बरं, बरं" म्हणाले. ते नेहमीच म्हणतात.

दादा, तो टॉवेल तू वाचलास ना? मग?

मी स्वयंपाकघरात गेले आणि खूप बोलले. समोर आई होती, पण बोलत होते ते तुला. हक्क, अपमान, माणुसकी, काय काय. आई पोळ्या लाटत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? आता माझं ऐक. तुम्ही दोघं भावंडं माझ्यावरून भांडता. एकानं मला गाडीवर बसवलं, एकानं थांबवलं. मला काय हवं होतं ते विचारलंत दोघांपैकी कोणी?"

मी म्हटलं, "काय हवं होतं?"

"मला ती गाडी सशावर चालवायची होती."

मला कळलंच नाही.

"अगं, ते बटण. तू सारखं कासवावर करत होतीस. 'आई सांभाळून, आई हळू.' अजू पिशव्या अडकवत होता. मला पाळण्यात नि होडीत काय करायचंय? मला जोरात जायचं होतं. जन्मात कधी जोरात गेले नाही मी. माझ्या पुढे सगळे चालतात नि मग थांबून मागे बघतात. मला एकदा पुढे जाऊन तुम्हाला मागे बघायचं होतं."

मग तिने सांगितलं, आणि सांगताना तिच्या गालांना पीठ लागलेलं होतं: सकाळी तू आणि मी तिकिटाच्या खिडकीशी वाद घालत होतो ना, तिला अपंगांची सवलत मिळते की नाही यावरून? तेवढ्यात तिने अनंतला विचारलं, "सशावर करू का?" तो म्हणाला, "करा की मावशी." आणि तिने पार्किंगला एक मोठी फेरी मारली. एकटीने. बसगाड्यांच्या मागून. तिचा पदर उडत होता म्हणे. "एका ड्रायव्हरने हॉर्न दिला मला. मला! बाजूला व्हा म्हणून."

आपण दोघं तिच्यासाठी भांडत होतो आणि आपल्यापैकी कोणी पाहिलं नाही.

म्हणून कदाचित ती वंदनाकाकूंना 'सगळं' म्हणाली. कदाचित तुला सांभाळून घ्यायला म्हणाली. मला अजूनही ठरवता येत नाही.

मी विचारलं, "मग दादाला किल्ली का दिलीस?" तेव्हा तिने भोजपूरचं सांगितलं. तू पंधरा वर्षांचा होतास. देवळाच्या त्या उंच पायऱ्यांवर तू तिला पाठीवर घेऊन चढत होतास. आणि तुझ्या वर्गातली मुलं तिथे सहलीला आली होती. कोणीतरी ओरडलं, "अबे, बोरी ढो रहा है क्या?" तू चढत राहिलास. तिला वर नेलंस, दर्शन करवलंस, खाली आणलंस. आणि पुढच्या वेळी कुठेतरी गेलो तेव्हा पहिल्यांदा म्हणालास, "आई, तू सामानाजवळ बस." ती म्हणाली, "त्यानं मला लोकांच्या नजरेपासून लपवलं गं. त्याला वाटतं तो मला वाचवतो आहे. म्हणून मी बसते."

हे मला माहीत नव्हतं. ऐकून माझा राग कमी व्हायला हवा होता. मी वाट पाहिली. झाला नाही. त्या मुलांनी एकदा तिला पोतं म्हटलं, आणि त्या दिवसापासून तू तिला पोत्यांत ठेवतो आहेस. ती मुलं कुठल्या कुठे गेली असतील. त्यांचं म्हणणं तू एकटा अजून मानतो आहेस. ज्या पोराने तिला पाठीवरून वर नेलं, ते पोर कुठे गेलं? मला त्याच्याशी बोलायचं आहे. तुझ्याशी नाही.

आईला भिक्षावळीत चालायचं आहे. म्हणजे बटूच्या मागून, बायकांबरोबर. मी विचारलं या वेळी. आधी विचारलं.

तू स्वतः बाबांना फोन करून 'खोली नको' म्हण. संक्रांतीपर्यंत वाट बघते.

संपदा


अशोका गार्डन, भोपाळ
४ फेब्रुवारी २०२६

दादा,

संक्रांत होऊन गेली. तू तिळगुळाचं पार्सल पाठवलंस, त्यात आईसाठी साडी होती, सुंदर होती. बरोबर चिठ्ठी होती. मला वाटलं, आलं उत्तर. चिठ्ठीत लिहिलं होतं, "मुंजीला ही नेस. खोलीत एसी लावून घेतला आहे."

एसी.

मी ती चिठ्ठी आईला वाचून दाखवली. तिने साडीचा काठ चाचपून पाहिला. मग मला म्हणाली, "त्या अनंतचा नंबर आहे का तुझ्याकडे?" मी फोन लावून दिला, तर तिने माझ्या हातातून काढून घेतला. "मी निर्मला बोलतेय. दिवाळीत तुमची लाल गाडी नेली होती. हो, पार्किंगमध्ये फेरी मारली तीच. रविवारी पुण्याला हवी आहे मला, कार्यालयाच्या दारात. आणि हे बघा, किल्ली माझ्या हातात द्यायची. मुलगा आला, मुलगी आली, नातू आला, कोणाला द्यायची नाही." पलीकडून तो काय म्हणाला माहीत नाही. आई लाजली. "नाही हो, बँडच्या मागे जायचंय. पण परत येताना रस्ता मोकळा असेल ना?"

'मुलगी आली' असंही म्हणाली ती. मी ऐकलं. मला लागलं, पण बरोबर आहे ते.

तिचं काम तिने केलं. राहिलं होतं ते माझं.

सोमवारी क्लास सुटल्यावर मी घरून कार्यालयात फोन केला. व्यवस्थापक अच्युतराव, अगदी मुरलेले आहेत. मी म्हटलं, "रविवारच्या मुंजीतल्या बटूची आत्या बोलते आहे." त्यांनी यादी काढली आणि सगळं वाचून दाखवलं. पानं, गुरुजी, बँड, आणि वरची सामानाची खोली, एसीसह.

म्हटलं, "ती खोली रद्द करा."

"ताई, साहेबांनी खास सांगून ठेवली आहे. त्यांच्याशी बोलून—"

"बुकिंग कोणाच्या नावावर आहे?"

"यशवंतराव म्हणून आहेत. बटूचे आजोबा."

बाबा शेजारी पेपर घेऊन बसले होते. फोन स्पीकरवर होता. मला वाटलं, आता ते 'बरं, बरं' म्हणतील, मला म्हणतील, जाऊ दे, कार्य आहे, घरात कटकट नको. त्यांनी पेपरची घडी घातली. त्यांच्या त्या अर्ध्या हाताने फोन स्वतःकडे ओढला आणि म्हणाले, "मी यशवंत बोलतोय. मुलगी सांगते तसं करा." आणि पुन्हा पेपर उघडला. उलटा होता, पण मी काही म्हटलं नाही.

तर खोली रद्द झाली आहे. मी काल परत फोन करून विचारलं. त्याच दिवशी कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर कोणाचा तरी साखरपुडा आहे, त्यांना ती दिली. पैसे भरले त्यांनी. आता तू कितीही रागावलास, कोणालाही फोन लावलास, तरी ती मिळणार नाही. आईला बसवायला त्या इमारतीत आता एकही बंद खोली नाही.

वहिनींना सांग, दागिने अंगावर घालायला असतात. आहेर गाडीच्या डिकीत ठेव आणि डिकीची किल्ली खिशात ठेव. तुला ते चांगलं जमतं. पिंटूला सांग, आजी त्याला भिक्षा घालायला सगळ्यांत पुढे असेल आणि आत्या त्याच्यासाठी भोपाळहून पाटी आणते आहे.

आणि अच्युतराव फोन ठेवण्याआधी काय म्हणाले तेही ऐक. म्हणाले, "पण ताई, मग सामानाजवळ कोण बसणार?"

मी सांगितलं, ज्याचं सामान तो.

संपदा